उन्हाळी परसबाग : तोडणी केव्हा आणि कशी?



परसबाग कशी लावावी, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आळे कसे करावे, बी किती खोल टाकावे, खत कोणते घालावे, हे आपण अनेकदा ऐकले आहे. पण लावलेल्या बागेतली भाजी तोडावी केव्हा आणि कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. "त्यात काय सांगायचे? भाजी आली की तोडायची!" असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत असे. मी काही शेतीशास्त्राचा पदवीधर नव्हे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण घरामागच्या दोन-अडीच गुंठ्यांनी मला या बाबतीत जो धडा दिला, तो आज आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

आमचे घर शेंद्र्याला आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की हे गाव लागते. चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरते, त्यामुळे मराठवाड्यातल्या पुष्कळांना गावाचे नाव ठाऊक आहे. अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे ते आणखी दूरवर पोहोचले. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात 'ऑरिक' नावाचे औद्योगिक नगर उभे राहत आहे. कारखान्यांसाठी पुष्कळांची जमीन गेली. घरातली तरुण मुले आता पाळीवर कामाला जातात. शेत कमी झाले, काहींचे संपले. पण घरामागचा परडा मात्र पुष्कळांकडे अजून आहे. माती म्हणून जी काही हाताशी उरली, ती तेवढीच. म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

आता उन्हाळा कसा असतो, हे मी मराठवाड्याच्या लोकांना काय सांगावे! मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो, विहिरींचे तळ दिसू लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. अशा दिवसांत भाजीला पाणी घालायचे म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे घालायचे. आमच्याकडे अंघोळीचे आणि भाज्या-तांदूळ धुतल्याचे पाणी परड्यात जाते. ते पानांवर न शिंपडता बुंध्याशी देतो आणि बुंध्याभोवती पाचट, वाळली पाने पसरून ठेवतो. तरीसुद्धा एकेका भेंडीच्या झाडाला मे महिन्यात रोज तांब्याभर पाणी लागतेच.

तर झाले असे. दोन-तीन वर्षांमागे मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही घरातले सगळे आठ दिवस गावाला गेलो. शेजारच्या मुलाला सांगून गेलो, "बाबा रे, रोज संध्याकाळी पाणी घाल." मुलगा गुणी. त्याने एक दिवससुद्धा चुकवला नाही. आम्ही परत आलो तेव्हा झाडे हिरवीगार होती. मी खूष झालो. पण आई परड्यात गेली आणि तिने कपाळाला हात लावला. भेंड्या वीतभर वाढून लाकडासारख्या झालेल्या, गवार निबर, काकड्या पिवळ्या पडलेल्या. आणि मुख्य म्हणजे भेंडीवर नवी कळी जवळजवळ नव्हती.

मी म्हणालो, "पाणी तर रोज घातलंय गं!"

आई म्हणाली, "पाणी घातलं, पण झाड रिकामं कोणी केलं? त्याला वाटलं, आपलं लेकरू मोठं झालं. आता ते कशाला कष्ट करील?"

तोडायला सांगायचे राहून गेले, ही चूक माझी. त्या मुलाला बिचाऱ्याला काय ठाऊक! उलट दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही, असे त्याला घरून शिकवलेले.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. भेंडीचे बी टाकल्यापासून पहिली शेंग हाती येईपर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस जातात. रोज एक तांब्या धरला, तर पंचेचाळीस तांबे. तांब्या लिटरभराचा आणि बादली पंधरा लिटरची धरली, तर एका झाडामागे तीन बादल्या पाणी आपण पहिली भेंडी खाण्याआधीच घालून बसतो. पुढे ते झाड वेळेवर तोडत गेले, तर महिना-दीड महिना शेंगा देते. तोडणी चुकली, तर त्याच तीन बादल्यांत चार-पाच भेंड्या मिळतात आणि त्याही गुरांपुढे टाकायच्या लायकीच्या. म्हणजे उन्हाळ्यात तोडणी चुकणे हे पाणी सांडण्यासारखेच आहे. पाणी मोरीतून वाहून गेले तर डोळ्यांना दिसते. असे गेले तर दिसत नाही, इतकाच काय तो फरक.

आईच्या बोलण्यात शास्त्रही आहे. झाड फळ धरते ते आपल्या भाजीसाठी नव्हे, तर बी तयार व्हावे म्हणून. शेंगेतले बी भरू लागले की पानांनी तयार केलेले अन्न तिकडे ओढले जाते. वाढणाऱ्या बियांतून निघणारी संप्रेरके झाडाला जणू निरोप देतात की, पुढची सोय झाली, आता नवी फुले नकोत. कोवळी शेंग वेळेवर काढली की हा निरोप जात नाही आणि झाड पुन्हा फुलावर येते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, वांगी, मिरची या सगळ्यांना हे लागू आहे. म्हणून भाजी खायची नसली तरी तोडावी. शेजारी द्यावी, वाळवावी, पण झाडावर ठेवू नये.

आता कोणत्या वेळी तोडावी? उन्हाळ्यात याचे उत्तर एकच आहे: पहाटे, ऊन चढण्यापूर्वी. रात्रभरात मुळांनी ओढलेले पाणी पानांत आणि फळांत भरलेले असते. पालेभाजीत तर दहातले नऊ भाग पाणीच असते. दुपारी तेच पान मलूल झालेले दिसते. शिवाय तोडलेली भाजी मरत नाही, ती श्वास घेत राहते आणि साठवलेले सत्त्व खर्च करते. हवा दहा अंशांनी तापली, की हा श्वास साधारण दुप्पट वेगाने चालतो. दुपारी तापलेली भाजी तोडून टोपलीत दडपली, तर संध्याकाळपर्यंत तिची रया जाते आणि तिच्यातले क जीवनसत्त्वही झपाट्याने कमी होते. तेव्हा सकाळी तोडावी, लगेच सावलीत आणावी आणि ओल्या फडक्याने झाकावी. ज्या घरात रात्रपाळी करून माणूस पहाटे येतो, तिथे हे काम त्याने येता येताच उरकले तरी चालते. दहा मिनिटांचे तर काम!

एकेका भाजीची खूण मात्र वेगळी आहे. ती नीट लक्षात ठेवावी.

भेंडीचे फूल उमलल्यापासून चार-पाच दिवसांत शेंग तोडण्याजोगी होते. बोटाएवढी झाली की घ्यावी. आणखी दोन-तीन दिवस राहिली, की तिच्यात दोरे धरतात. म्हणून भेंडीला एक दिवसाआड तोडणी हवीच. देठ नखाने ओढून काढू नये, साल सोलून येते. लहान चाकूने किंवा कात्रीने कापावा. भेंडीची लव अंगाला खाजवते, तेव्हा हाताला फडके गुंडाळावे. गवार आणि चवळी यांच्या शेंगा वाकवून पाहाव्यात. कट्‌कन मोडली तर कोवळी. लवली, दोरा निघाला, तर उशीर झाला. शेंगा काढताना एका हाताने फांदी धरावी, नाहीतर शेंगेबरोबर फुलोराही हातात येतो.

वांग्याची खूण त्याच्या कांतीवर असते. चकाकते आहे तोवर ते भाजीचे. चकाकी गेली की आत बी कडक झाले असे समजावे. मिरची देठासकट तोडावी. हिरव्या मिरच्या काढत गेले तर नव्या लागत राहतात. लाल करायच्या असतील तर त्यासाठी शेवटचा बहार राखावा. टोमॅटोच्या बाबतीत आपण एक चूक करतो. झाडावरच लाल होऊ द्यायचा हट्ट धरतो. पण पारा तीस-बत्तीसच्या वर राहिला, की टोमॅटोला लाल रंग नीट चढत नाही, तो पिवळट-नारिंगी राहतो. त्यात उन्हाने चट्टे पडतात, पाखरेही चोच मारतात. तेव्हा बुडाशी गुलाबी झाक दिसली की तोडावा आणि घरात सावलीत पसरून पिकू द्यावा.

दुधी भोपळ्यावर बारीक लव असते आणि नख सहज रुतते, तोवर तो कोवळा. दोडक्याच्या शिरा वाकवल्यावर मोडायला हव्यात. काकडी आणि कारले पिवळेपणाकडे झुकण्यापूर्वीच घ्यावे.

इथे एक धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो. दुधी, काकडी, दोडका यांच्या जातीच्या फळांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाचे कडू विष वाढते. पाण्याचा ताण आणि कडक ऊन हेही त्याचे एक कारण मानले जाते, आणि आपल्या उन्हाळ्यात दोन्ही आहेत. कडू दुधीचा रस प्याल्याने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असा इशारा त्या समितीने दिला. म्हणून चिरताना दुधीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे. शिजवून किंवा मीठ लावून हे विष जात नाही. आणि ते खाऊन उलटी, जुलाब, पोटात कळ असे काही झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा. कारले मुळातच कडू, त्याची गोष्ट वेगळी.

दुसरी सूचना फवारणीची. घरच्या बागेत शक्य तो विषारी औषध मारूच नये. मारलेच असेल, तर फवारणीनंतर किती दिवस तोडायचे नाही, ते डब्यावरच्या चिठ्ठीवर दिलेले असते. ते दिवस मोजूनच भाजी घरात आणावी.

आता पाला आणि वासाच्या वनस्पती. यांच्या तोडणीचे सूत्र सोपे आहे: मूळ राखावे, शेंडा घ्यावा. पालक आणि चुका उपटू नये. बाहेरची मोठी पाने खुडावीत, मधला गाभा ठेवावा. आठवड्याने पुन्हा भाजी तयार. तांदुळज्याचा शेंडा खुडला, की खालून चार फांद्या फुटतात. मेथी आणि कोथिंबीर मात्र उन्हाळ्यात लवकर फुलावर येतात. एकदा तुरा आला, की पाने बारीक आणि चरबट होतात. म्हणून ती दोन्ही सावलीच्या बाजूला, थोडी थोडी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावी आणि कोवळी असतानाच काढावी.

पुदिना फुलण्यापूर्वी कापावा. त्या वेळी त्याला वास भरपूर असतो. जमिनीवर दोन-तीन पेरे ठेवून कापला, की पुन्हा फुटतो. गवती चहा जमिनीपासून चार बोटे वर कापावा, बुडाशी कापला तर बेटच वाळते. कढीपत्त्याची सुटी पाने ओरबाडण्याऐवजी कोवळ्या फांदीचा शेंडा कापावा, म्हणजे झाड पसरते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहावे, म्हणजे पाला टिकतो. आणि शेवगा! त्याच्या शेंगा आपण खातो, पण पाल्याकडे दुर्लक्ष करतो. इतर पालेभाज्या उन्हाने माना टाकतात, तेव्हाही शेवग्याचा कोवळा पाला मिळू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. नुसत्या पाल्याने हा आजार बरा होईल असे मी म्हणत नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण ताटात रोज मूठभर हिरवा पाला आणि त्यावर लिंबाची फोड असेल, तर पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. तोही बाजारातून आणायचा नाही, दारचाच.

एक दिवसाआड तोडायचे म्हटले, की भाजी साठवायची कुठे हा प्रश्न येतो. घरी फ्रिज असला, तरी आमच्याकडे वीज जाते-येते. आपल्या कोरड्या हवेत यावर एक जुना उपाय उत्तम चालतो. मोठ्या माठात लहान मातीचे भांडे ठेवावे, मधल्या फटीत वाळू भरावी, वाळू दोन वेळा भिजवावी आणि वर ओले गोणपाट टाकावे. पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जाते. पिण्याचा माठ गार राहतो, तोच हा नियम. १९८० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत याच तत्त्वावर विटा-वाळूचा शीतकक्ष तयार झाला; त्याला वीज लागत नाही. आफ्रिकेत नायजेरियातले महंमद बाह आब्बा नावाचे अध्यापक कुंभारकाम करणाऱ्या घराण्यातले. त्यांनी १९९० च्या दशकात मडक्यात मडके ठेवून हीच युक्ती तिथल्या गावोगावी नेली. त्यांच्या प्रयोगात एरवी तीन दिवस टिकणारी वांगी सत्तावीस दिवस टिकली, असे नमूद आहे. आपल्याकडे सत्तावीस राहू द्या, तीन-चार दिवस पालेभाजी ताजी राहिली तरी पुष्कळ झाले. पावसाळी दमट हवेत मात्र ही युक्ती चालत नाही.

उरलेली भाजी वाळवावी. गवार किंचित वाफवून, भेंडी आणि कारले चकत्या करून, मेथीचा पाला सावलीत. सांडगी मिरची तर आपल्या आया-बहिणी करतातच. मे महिन्याचे ऊन एवढे एक काम मात्र फुकटात करून देते.

एव्हाना तुमच्या मनात प्रश्न आला असेल की, सगळेच कोवळे तोडले तर बी कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी ओळीतले सर्वांत निरोगी, भरपूर फळणारे झाड आधीच निवडावे आणि त्यावर तांबडी चिंधी बांधावी. त्या झाडाच्या सुरुवातीच्या शेंगांपैकी चार-पाच शेंगा बियांसाठी राखाव्यात; शेवटच्या, उरल्यासुरल्या शेंगांचे बी धरू नये. शेंग झाडावरच वाळू द्यावी. संकरित वाणाचे बी मात्र धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. गावरान वाणाचे किंवा सुधारित सरळ वाणाचे बी धरावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी असाच सरळ वाण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरच्या बागेतून गावरान वाणांचे बी जमवले, जपले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याही कामाची सुरुवात हीच: कोणते फळ खायचे आणि कोणते राखायचे, हे ओळखण्याची.

शेवटी शिक्षक मित्रांशी दोन शब्द. शाळाशाळांतून परसबाग व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कित्येक शाळांनी सुरेख बागा केल्या. पण उन्हाळ्याची सुटी लागते, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा त्या बागेत काय उरलेले असते? जे माझ्या परड्यात आठ दिवसांत झाले, तेच तिथे दीड महिन्यात होते. म्हणून सुटीपूर्वीच शाळेजवळच्या दोन-तीन घरांशी ठरवावे: पाणी तुम्ही घाला आणि भाजीही तुम्हीच तोडून न्या. नुसते पाणी घालायला सांगू नये. ज्याला तोडायचा हक्क दिला, तोच पाणी मनापासून घालील. शेवगा आणि कढीपत्ता अशी सुटीतही तग धरणारी झाडे शाळेत अवश्य लावावीत. आणि मुलांना एक वही घालून द्यावी. आज किती बादल्या पाणी घातले, किती भाजी तोडली, वजन किती भरले, एवढेच तीत लिहायचे. त्या वहीतून गणितही शिकता येईल आणि पाण्याची किंमतही कळेल.

आमच्या परड्यात आता दाराला एक जुनी दिनदर्शिका टांगली आहे. तोडणी झाली की आई त्या तारखेवर कोळशाने रेघ ओढते. यंदा आम्ही चार दिवस गावाला गेलो, तेव्हा जाताना मी शेजारच्या त्या मुलाच्या हाती परडी दिली. म्हणालो, "पाणी घाल, आणि एक दिवसाआड भेंडी तोडून तुमच्या घरी ने. राहू देऊ नकोस." परत आलो तेव्हा झाडांवर कळ्या होत्या. आणि मुलाची आई दारात उभी राहून म्हणाली, "सर, भेंडी चांगली निघाली हो तुमची!"

श्रोतेहो, उद्या पहाटे आपण आपल्या परड्यात एक फेरी मारावी, एवढीच माझी विनंती आहे. निबर झालेले काढून टाका, कोवळे घरात आणा आणि एका चांगल्या झाडाला चिंधी बांधा.